कुडाळच्या मित्रास पत्र: भजनाच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक घेण्याआधी

कोल्हापूर,
दि. ११ जानेवारी २०२६

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत दुकानदाराच्या कोटेशनचा फोटो, दोन्ही मिळाले. आप्पांच्या भजनी मंडळाची बारी एकदा नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि गणपतीपर्यंत स्वतःच्या चालींचे आठ अभंग वाद्यमेळासह तयार करायचे, हा तुझा बेत वाचून फार बरे वाटले. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे हाताशी आठ महिने आहेत. तेवढ्यात यंत्र घेऊन, जुळवून, त्याची सवय करून घेऊनही काम पुरे होईल.

कोटेशन पाहून मात्र मी थबकलो. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ग्राफिक्स कार्डावर, त्यानंतर रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट, सोळा जीबी रॅमची एकच पट्टी, आणि आवाज आत घेण्याच्या साधनाला शेवटच्या ओळीत उरलेसुरले पैसे. दुकानदाराचा यात दोष आहे असे मी म्हणणार नाही. 'भारी कॉम्प्युटर पाहिजे' एवढेच त्याला सांगितले, तर त्याच्या डोळ्यांसमोर गेम खेळणारे गिऱ्हाईकच उभे राहणार.

हीच चूक मी सात वर्षांपूर्वी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या वेळी हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देण्याचे काम नुकतेच हाती येऊ लागले होते आणि एका दुकानातून मी असेच एक झगमगीत यंत्र उचलून आणले. पहिल्याच रात्री तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण करायला बसलो. चार मिनिटांचा तुकडा झाला, हेडफोनवर ऐकला, आणि तारांच्या मागे एक दुसराच सूर घोंघावताना लागला. बाजाची पेटी काढून पाहिले तर काळी चार या सुराच्या किंचित खाली तो बोलत होता. ग्राफिक्स कार्डाचे दोन पंखे आणि कॅबिनेटचे तीन, असा तो पाच जणांचा कोरस होता! संगणकावर चादर टाकली, तेव्हा आतली उष्णता वाढून पंखे आणखी जोरात फिरू लागले. कसाबसा तो घरघराट आवरला, तर दर दीडदोन मिनिटांनी मध्येच 'टिक्' असा चटका उमटू लागला. प्रोसेसर महागडा होता, त्याच्यावरचा भार पंधरा टक्केही दिसत नव्हता, आणि तरीही आवाज तुटत होता. आठ दिवस मी केबली बदलत बसलो. शेवटी कारण सापडले ते वायफायच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे वायफायचा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये. वायफाय बंद केले की चटके बंद, सुरू केले की हजर.

तेव्हा मला जे कळले तेच तुला आधी सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावरून ठरते. या कामात संगणकाला वेगापेक्षा वक्तशीरपणा जास्त लागतो. आवाज संगणकात पाण्यासारखा अखंड वाहत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्याने प्रोसेसरपुढे येतात. या गठ्ठ्यालाच बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर एका गठ्ठ्याचा काळ २.६७ मिलिसेकंद होतो. तेवढ्या अवधीत सगळ्या ट्रॅकांवरची (ट्रॅक म्हणजे एकेका आवाजाची वेगळी नोंद) सगळी प्रक्रिया उरकून पुढचा गठ्ठा बाहेर पडायलाच हवा. शंभरांतील नव्याण्णव वेळा काम निम्म्या वेळात झाले आणि एकदा उशीर झाला, तरी ऐकणाऱ्याला तो एकच चटका ऐकू येतो. पखवाजीने सगळे बोल सुरेख वाजवले आणि समेवर मात्र हात उशिरा पडला, तर मंडळी त्याला जे म्हणतील तेच. व्हिडिओचे रूपांतर किंवा हिशेबाचे काम दोन सेकंद उशिरा संपले तर कोणाचे बिघडत नाही. त्यामुळे त्या कामांसाठी केलेल्या तुलनांचे आकडे पाहून संगीताचे यंत्र निवडू नये, असे माझे मत आहे.

बफर वाढवला की प्रोसेसरला उसंत मिळते, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे एका बाजूचेच एकवीस मिलिसेकंद, आणि आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याची दुप्पट. याचा अर्थ तुझ्या ओळखीच्या भाषेत सांगतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो, म्हणजे भजनात बुवांपासून पाचसहा फुटांवर बसलेल्या पखवाज्याला त्यांचा आवाज पाच मिलिसेकंद उशिराच पोहोचतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. हेडफोनमधला उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर बहुतेकांना तो जाणवत नाही. चाळीस झाला, तर बुवा लय सोडून थांबतील आणि 'ह्या काय' म्हणून तुझ्याकडे बघतील. म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवायचा आणि नंतर मिश्रण करताना मोठा करायचा, अशी पद्धत आहे. चांगल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या साधनामध्ये, माइकचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला पाठवण्याची सोय असते. नुसते गाणे नोंदवायचे असेल तेव्हा ती वापरली की उशिराचा प्रश्नच मिटतो. मात्र कीबोर्डवर बोट ठेवून संगणकातली सतार वाजवायची असेल, तर तिथे ही सोय उपयोगी पडत नाही, कारण तो सूर मुळात संगणकातच जन्मतो.

आता प्रोसेसर. एका ट्रॅकवर तू चार प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम, लावलेस, तर ते एकापुढे एक चालतात. दुसऱ्याला पहिल्याचे काम होईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे ती साखळी प्रोसेसरच्या अनेक कोअरांत, म्हणजे आतल्या स्वतंत्र कामकऱ्यांत, वाटता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरांवर जातात, हे खरे. परंतु सगळ्यांची बेरीज होणाऱ्या शेवटच्या मास्टर ट्रॅकवरची साखळी पुन्हा एकाच कोअरच्या गळ्यात पडते. म्हणून सोळा मंद कोअरांपेक्षा सहाआठ चपळ कोअर बरे. तुझ्या कामाला एएमडीचा रायझन ७ ७७०० हा आठ कोअरांचा प्रोसेसर भरपूर होईल. तो ६५ वॅटच्या वर्गातला आहे, त्यामुळे त्याला थंड ठेवायला आरडाओरडा करणारा पंखा लागत नाही, आणि पडद्यापुरते ग्राफिक्स त्याच्या पोटातच असते. खर्च कमी करायचा असेल तर इंटेलचा आय५-१२४०० घे. तो जुन्या डीडीआर४ रॅमवरही चालतो. नाव घेताना शेवटचे अक्षर मात्र नीट पाहा. इंटेलच्या क्रमांकामागे 'एफ' आला, की त्यात ग्राफिक्स नसते आणि मग वेगळे कार्ड घेणे भाग पडते. तुझ्या कोटेशनमध्ये नेमका तोच 'एफ' आहे. ग्राफिक्स कार्ड त्याच्याच शेपटीला बांधून आलेले आहे. आय९ घ्यावा का, असे तू विचारले आहेस. घेऊ नकोस. त्याची उष्णता आणि तिच्यापायी होणारा आवाज तुझ्या खोलीला परवडणार नाही. शिवाय इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच मान्य करून बायोसची, म्हणजे संगणकाच्या मूळ सॉफ्टवेअरची, दुरुस्ती दिली होती.

रॅमबाबत एकच प्रश्न स्वतःला विचार: वाद्ये माणसे वाजवणार की संगणक? माणसेच वाजवणार असतील तर सोळा जीबीत काम भागते, कारण नुसते ध्वनिमुद्रण फार हलके असते. आठ माइक, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असे धरले, तरी तासाभराच्या बारीला सुमारे चार जीबी जागा लागते आणि तीही डिस्कवर. पण तुला अभंगांमागे व्हायोलिनचा ताफा आणि बासरी हवी आहे, आणि ती तू वाद्यांच्या तयार नोंदींच्या लायब्ररीतून घेणार आहेस. या वाद्यांचा प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा निरनिराळा नोंदवलेला असतो. ही लायब्ररी वाजवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे सॅम्पलर, प्रत्येक नोंदीचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये मांडून ठेवते आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून ओढते. म्हणून तुला बत्तीस जीबी लागतील. एका पट्टीऐवजी सोळा-सोळाच्या दोन घे. दोन मार्ग एकदम उघडतात आणि प्रोसेसरला खोळंबावे लागत नाही. पुढे वाढवू म्हणून आठ-आठच्या दोन घेऊन नंतर आणखी दोन घालण्याचा विचार करू नकोस, कारण डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की त्यांचा वेग खाली आणावा लागतो. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडले आहेत, त्यामुळे हा आकडा तुला खुपेल. तरी इथे हात आखडू नकोस. ग्राफिक्स कार्ड रद्द केल्यावर हा खर्च सहज निघतो.

डिस्कविषयी फार लिहिण्यासारखे नाही. विंडोज आणि सॉफ्टवेअर एका एसएसडीवर, लायब्ररी दुसरीवर, आणि झालेल्या कामाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी काम झाले की काढून कपाटात जाईल. साधी साटा एसएसडीदेखील सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढे देते. सगळ्यांत वेगवान एसएसडीसाठी जादा पैसे मोजून गाण्यात काही फरक पडत नाही.

आता आवाजाचा प्रश्न, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या आवाजाचा. तुझ्याकडे माझ्यापेक्षा एक मोठी सोय आहे, ती म्हणजे तुमचे चिऱ्याचे घर. ज्या माजघरात तू बसणार आहेस त्याला लागूनच धान्याची खोली आहे. संगणक तिथे ठेव आणि भिंतीतून दोनच वायरी अलीकडे आण, एक पडद्याची आणि एक यूएसबीची. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते, म्हणून यंत्र भिंतीला चिकटूनच ठेवावे लागेल. दीड फुटाच्या जांभ्या दगडाइतका उत्तम आवाजरोधक कुठल्याही दुकानात मिळणार नाही. वहिनींना भिंतीला भोक पाडण्याबद्दल आधी विचार, एवढीच सूचना. ते जमले नाही, तर काचेऐवजी जाळीचे साधे कॅबिनेट घे आणि १४० मिलिमीटरचे दोन पंखे कमी फेऱ्यांवर ठेव. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो आणि कुजबुजल्यासारखा चालतो.

कोटेशनमध्ये सगळ्यांत अन्याय झाला आहे तो ऑडिओ इंटरफेसवर, आणि खरे तर आवाजाची प्रत तोच ठरवणार आहे. दोन माइकचा इंटरफेस घरगुती गाण्याला पुरतो. पण बारी नोंदवायची म्हणजे बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) आणि शाईला (उजव्या तोंडाला) मिळून दोन, झांजेला एक आणि मागच्या कोरसला दोन, असे सात माइक झाले. म्हणून आठ माइकांचा, प्रत्येक माइकला त्याच्याच वायरीतून ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पुरवठा, देणारा इंटरफेस घे. कंडेन्सर माइक त्याशिवाय बोलतच नाहीत. विंडोजवर एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे: कंपनीने स्वतःचा एसिओ ड्रायव्हर दिलेला असावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये काढलेली ही पद्धत विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून इंटरफेसशी थेट बोलते, आणि उशीर कमी राहतो तो त्यामुळेच. फायरवायरचा जुना इंटरफेस कोणी स्वस्तात देऊ केला, तर मोहात पडू नकोस. यंत्र कितीही देखणे असले तरी ते जोडायला आज नव्या संगणकावर जागा नाही.

तुझ्या पुतण्याने मॅक मिनी सुचवला, ही त्याची सूचना अडाणीपणाची नाही. एम४ चा मॅक मिनी जवळजवळ निःशब्द चालतो, त्याची ध्वनिव्यवस्था मुळातच या कामाला अनुकूल आहे, आणि तू फक्त गाणे नोंदवणार असतास तर मी तोच घ्यायला सांगितले असते. पण त्याची रॅम घेताना ठरते ती कायमची. मूळच्या सोळाची बत्तीस करताना कंपनी जे पैसे घेते, त्यात तुझा इंटरफेस अडकेल. शिवाय तुझ्याजवळ असलेले सॉफ्टवेअर विंडोजचे आहे, आणि पावसाळ्यात काही बिघडले तर कुडाळात एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलून देणारा माणूस संध्याकाळपर्यंत सापडतो. लॅपटॉप मात्र नकोच. पातळ देहात उष्णता कोंडते, ताण आला की तो स्वतःचा वेग उतरवतो, आणि मे महिन्याच्या दुपारी ते नेमके गाणे रंगात आल्यावर घडते. देवळात जाऊन बारी नोंदवायची असेल, तेव्हा पुतण्याचा लॅपटॉप त्या रात्रीपुरता मागून घे. आठ ट्रॅक नुसते नोंदवायला तो पुरेसा आहे.

विजेबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरे करता येत नाही, कारण तुमच्याकडची वीज मी चाखलेली आहे. यूपीएस घेताना 'प्युअर साइनवेव्ह' असे स्पष्ट लिहिलेलाच घे. साध्या यूपीएसची लहर चौकोनी असते आणि काही चांगले एसएमपीएस तिच्यावर येताक्षणी बंद पडतात, म्हणजे ज्यासाठी तो घेतला नेमके तेच व्हायचे. घरच्या अर्थिंगची वायरमनकडून तपासणी करून घे. अर्थिंग खराब असले की माइकमध्ये पन्नास हर्ट्झची गुणगुण शिरते आणि ती कुठल्याही प्लगइनने पूर्ण निघत नाही. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालव. छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अर्ध्यावर ठेवलेला असला, तर तोही करकरतो. मुद्रणाच्या वेळी तो बंद असावा. आकाशात गडगडायला लागले की प्लग काढायचा आणि राउटरची वायरही काढायची, कारण तिच्यातूनही वीज घुसते. दमट दिवसांत कंडेन्सर माइक चरचरतात, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवत जा.

यंत्र घरी आले की पहिल्याच दिवशी गाणे नोंदवायला बसू नकोस. नवीन यंत्रावर विंडोज ११ च घाल, कारण विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वीजबचतीचा पर्याय बंद कर, यूएसबीला झोपवणारी सोय बंद कर, आणि लेटन्सीमॉन नावाचे मोफत साधन उतरवून अर्धा तास चालू ठेव. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो, ते ते नावासकट दाखवते. माझे ते आठ दिवस त्याने वाचवले असते, पण तेव्हा मला त्याचा पत्ता नव्हता. इंटरनेटसाठी वायर वापर आणि वायफाय बंद ठेव. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर म्हणून सध्या रीपर घे. साठ दिवस ते विनामूल्य वापरून पाहता येते, घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे आणि जुन्या यंत्रावरही ते हलके चालते.

दुकानदाराला आता नवे कोटेशन मागताना ग्राफिक्स कार्ड, काच आणि दिवे काढून टाकायला सांग आणि ते पैसे आठ माइकांच्या इंटरफेसकडे आणि रॅमकडे वळव. मुंबईला जाणे होणार असेल, तर लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारून सुट्या भागांचे भाव पाहून ये. पण जोडणी कुडाळातल्या दुकानदाराकडूनच करून घे, पुढची दुरुस्ती त्यालाच करायची आहे. नवे कोटेशन आले की प्रोसेसरच्या नावामागचे शेवटचे अक्षर तपासून मगच मला फोटो पाठव. पैसे देण्याआधी मी एकदा नजर टाकीन, आणि होळीच्या सुट्टीत येईन तेव्हा माझे दोन माइक घेऊन येईन, म्हणजे धुमेला कोणता लावायचा ते आप्पांसमोरच ठरवता येईल.

आप्पांना माझा नमस्कार सांग. वहिनींना भिंतीच्या भोकाबद्दल माझे नाव सांगू नकोस.

तुझा,
श्रीधर